रोगजंतू : जिवाणू आणि विषाणू
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. जिनिंगमधला कामगार. शाळा नववीपर्यंत, बाकीचं वाशिमच्या बाजारात घेतलेल्या जुन्या पुस्तकांतून. चुकलो तर जाणकारांनी इथेच कान धरावा.

सावित्रीमाई कशाने गेल्या, असं विचारलं की पोरं सांगतात, प्लेगने. तारीखही पाठ, १० मार्च १८९७. पण प्लेग म्हणजे काय म्हटलं, की सगळे गप्प! प्लेग होतो एका जिवाणूमुळे. जिवाणू म्हणजे एका पेशीचा जीव. हा १८९४ साली हाँगकाँगला येर्सिन नावाच्या शास्त्रज्ञाने शोधला. उंदरावरची पिसू माणसाला चावते, जिवाणू अंगात शिरतो, जांघेत-काखेत गाठ येते, ताप चढतो. ही पिसूची गोष्ट सिमाँ यांनी दाखवली १८९८ साली, म्हणजे माई गेल्यावर. मुंढव्याच्या आपल्याच समाजातल्या आजारी पोराला माईंनी पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात आणलं, तेव्हा रोग नेमका कसा पसरतो हे जगात कुणालाच धड ठाऊक नव्हतं. औषधही नव्हतं. हाफकिन यांनी मुंबईत आपली लस स्वतःला टोचून पाहिली, ती त्याच वर्षीच्या जानेवारीत.

दुसरा विषाणू. जिवाणूहून कितीतरी लहान. त्याला एकट्याला वाढता येत नाही. आपल्या पेशीत घुसतो, तिलाच राबवून स्वतःच्या नकला काढून घेतो. चोराने रात्री जिनिंगमध्ये शिरावं अन् आमच्याच मशिनीवर, आमच्याच विजेवर आपला माल काढावा, तसं! सर्दी, गोवर, कोरोना हे विषाणूचे. देवीसुद्धा. म्हाताऱ्या माणसांनी तिला नवस केले, लिंबाचा पाला बांधला. ती गेली लसीने. १९७५ मध्ये देशातला शेवटचा रोगी, अन् १९८० मध्ये ती जगातून गेल्याचं जाहीर झालं. त्या लसीचा व्रण माझ्या दंडावर आहे, कुणाला पाहायचा तर पाहा.

आता हा फरक कशाला सांगतो? अँटिबायोटिक जिवाणूला मारतं, विषाणूला नाही. साध्या सर्दीला "डॉक्टरसाहेब, एक सुई मारा" म्हणणं फुकट आहे. टीबी मात्र जिवाणूचा. खोकल्यातून हवेत उडतो. त्याच्या गोळ्या साधारण सहा महिने, नेमाने घ्याव्या लागतात.

माझ्या थोरल्या भावाचा खोकला दोन महिन्यांत थांबला. त्याने गोळ्या बंद केल्या. खोकला थांबला होता, जंतू संपले नव्हते. जे उरले ते त्या औषधाला न जुमानणारे. रोग उलटला तेव्हा त्याच गोळ्या लागू पडल्या नाहीत. दादा गेला. गोळ्या सरकारी दवाखान्यातून मोफत मिळत होत्या, पैशाचं कारण नव्हतं. हजेरी बुडते म्हणून, "बस झालं आता, कामावर चल", असं त्याला म्हणणारा मीच होतो.

वस्तीत कुणाकडे गोळ्या चालू असतील तर लाजू नका, मला सांगा. पाळी सुटली की मी सायकलने येईन आणि गोळी गिळेपर्यंत दारात उभा राहीन.