आधी निदान, मग उपचार



मंडळाच्या संगणकावर लिनक्सची नवी आवृत्ती चढविताना काम मध्येच थांबले व यंत्र सुरूच होईना. त्यात मुलांचे मराठी पाठ आणि ज्येष्ठांच्या आठवणींचे ध्वनिमुद्रण होते. त्यांतील काही ज्येष्ठ आज आपल्यात नाहीत. ‘सर्व पुसून नव्याने बसवा’ असा सल्ला मिळाला. परंतु निदानापूर्वी शस्त्रक्रिया करणे वैद्याला मान्य नसते.

दुःख, त्याचे कारण, निरोध आणि मार्ग हा तथागतांचा क्रम आम्ही अनुसरला. दुसऱ्या संगणकावर तयार केलेल्या यूएसबीवरून यंत्र सुरू केले, जुनी डिस्क केवळ वाचनासाठी जोडली व सर्व संचिका बाहेर उतरविल्या. मग डीव्हीडी पडताळली; तिचा चेकसम प्रकाशित आकड्याशी जुळेना. दोष लिनक्सचा नव्हता. तबकडी लिहून न तपासणाऱ्या माझा होता. नव्या, तपासलेल्या तबकडीने काम पार पडले.

ही विद्या जर्मनीतही रुजली आहे. १९९२ साली सुसे ही लिनक्स कंपनी येथेच स्थापन झाली. १९९६ साली ट्युबिंगेनच्या मातियास एट्रिश या विद्यार्थ्याने केडीईचा आरंभ केला. लिनक्सची मूळ आज्ञावली कोणीही वाचू शकतो. ज्यांच्या पूर्वजांना अक्षरही नाकारले गेले, त्यांना या खुलेपणाचे मोल सांगावे लागत नाही.

मुलांनो, प्रत आधी ठेवा, तबकडी तपासा आणि कारण कळल्याशिवाय काहीही पुसू नका.

नमो बुद्धाय! जय भीम!