आपल्या विहिरीवरचे खोपे

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मुलांची सहल कशी झाली त्यावर चार शब्द बोला, असं मला सांगितलं गेलं. बोलतो. पण सहलीवरून मला एका ठरावाकडे यायचं आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर नंतर म्हणाल, काकांनी जेवणाच्या आधी फसवलं!

दिवाळीची सुट्टी संपता संपता आपण बावीस मुलं आणि आठ मोठी माणसं मांडव्याहून रो-रोने निघालो. तासाभरात भाऊचा धक्का, तिथून बसने धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान. मिठी नदीच्या काठाला सुमारे 37 एकरांची ही जागा. एकेकाळी तिथे मुंबईचा कचरा टाकत. त्या कचऱ्यावर माती घालून, झाडं लावून तिथे जंगल उभं केलं आणि 1994 साली ते लोकांसाठी खुलं झालं. आज आत शिरलं की रस्त्याचा आवाज हळूहळू मागे पडतो. औषधी झाडं आहेत, रोपवाटिका आहे, फुलपाखरांसाठी मुद्दाम लावलेली झुडपं आहेत, पावसाचं पाणी साठवायची सोय आहे. नदीच्या बाजूला आपल्या ओळखीची तिवरंही आहेत. आपल्या एका वहिनींनी तर चप्पल काढून मातीला पाय लावून पाहिला आणि म्हणाल्या, "इथे कचरा होता यावर विश्वास बसत नाही हो."

त्या उद्यानातलं पहिलं झाड 1983 साली डॉ. सालिम अली यांच्या हस्ते लावलं गेलं. हे नाव ऐकल्यावर मी मुलांना तिथेच खाली बसवलं आणि आपल्या गावाकडची एक गोष्ट सांगितली. ती इथेही सांगतो, कारण आपल्यापैकी कित्येकांना ती ठाऊक नाही.

आपण अलिबागला जाताना चोंढीवरून आत वळलं की किहीम. 1930 साली सालिम अली जर्मनीहून पक्ष्यांचा अभ्यास करून परत आले. हाताला नोकरी नाही. तेव्हा ते किहीमला कुटुंबाच्या घरी येऊन राहिले. घराजवळ सुगरण पक्ष्यांची वस्ती होती. पावसाळ्यात ते रोज त्या झाडाकडे पाहत बसले आणि दिसलं ते लिहीत गेले. ना प्रयोगशाळा, ना मदतनीस.

बहिणाबाईंमुळे सुगरण आपल्या घरातलीच झाली आहे. पण खोपा विणतो तो नर! तो गवताच्या, झावळीच्या पट्ट्या काढून आणतो, अर्धा खोपा विणतो आणि थांबतो. मग माद्या येतात, आत शिरून तपासतात. एखादीला पसंत पडला तर तो पुरा होतो, खाली लांब नळी लागते, मादी अंडी घालते. आणि हे महाशय? शेजारी दुसरा खोपा सुरू करतात, दुसऱ्या मादीसाठी! जो कुणालाच आवडला नाही तो अर्धाच लोंबत राहतो. हे सगळं सालिम अलींनी किहीमला बारकाईने टिपलं. 1931 साली त्यांचा लेख बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. पुढे पद्मविभूषण मिळालेल्या या माणसाचं एक मोठं काम आपल्यापासून रिक्षाच्या अंतरावर झालं.

अलिबागची चुंबकीय वेधशाळा घ्या. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार, त्यामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतल्या नाजूक नोंदी बिघडणार, म्हणून ते काम अलिबागला आणलं. 1904 पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होतात. दोन्हीकडे गोष्ट एकच: एक शांत जागा आणि रोज न चुकता पाहणारं माणूस.

आता परतीच्या बोटीवरचा प्रसंग. दुसऱ्या मजल्यावरची आपली एक सातवीतली मुलगी वही घेऊन माझ्याशेजारी बसली होती. मी सहज वही मागितली. पानावर दोन रकाने. एकावर "तिथे पाहिलं", दुसऱ्यावर "आपल्याकडे आहे". दुसरा रकाना जास्त लांब होता! करंज, भेंड, उंडी, शिंदी, तांबट, भारद्वाज, खंड्या, मुंगूस, धामण, सुगरण. आणि त्यातल्या सहा नावांपुढे कंसात एकच शब्द: "विहिरीमागे".

मंडळी, मी वही परत दिली आणि मांडवा येईपर्यंत समुद्राकडे बघत बसलो. कारण विहिरीमागच्या त्या तुकड्यावरची झाडं तोडून पेव्हर ब्लॉक टाकायचे आणि पार्किंग करायचं, हा ठराव आपण गेल्या सर्वसाधारण सभेत मंजूर केला आहे. त्या वेळी मी हात वर केला होता. नुसता वर केला नव्हता, "शिंदीचं झाड काय कामाचं, काटेच काटे" असं बोललोही होतो. इतिवृत्तात ते नाही, पण तुमच्यापैकी पुष्कळांच्या लक्षात असेल.

ठराव उगाच झाला नव्हता, हेही खरं. सोसायटी झाली तेव्हा इथे चार स्कूटर आणि एक जीप होती. मार्च 2020 मध्ये रो-रो सुरू झाली आणि मुंबईची गाडी थेट आपल्या फाटकाशी येऊ लागली. लेक-जावई, नातवंडं शनिवारी येतात ते त्यामुळेच. ते येऊ नयेत असं कोण म्हणेल? तळमजल्यावरच्या आजींना दवाखान्यात न्यायचं तर गाडी दाराशी हवी. पार्किंगची अडचण खरी आहे आणि ती मांडणारे माझे मित्रच आहेत.

म्हणून मी ठराव फाडून टाका म्हणत नाही. मधला मार्ग सुचवतो. सहलीहून आल्यावर मुलांना घेऊन मी ती जागा टेपने मोजली. फाटकाकडच्या दोन भागांत आठ गाड्या नीट बसतात. विहिरीलगतचा तिसरा भाग, ज्यात शिंदी, करंज आणि भेंड आहेत, तो तसाच ठेवता येतो. चार गाड्यांची जागा कमी पडेल. त्यासाठी शनिवार-रविवारी पाहुण्यांच्या गाड्या आळीपाळीने बाहेरच्या बाजूला लावाव्या लागतील. पहिली पाळी माझ्या घरची.

दोन शंका मला आधीच विचारल्या गेल्या. मुलं विहिरीत पडतील? विहिरीवर लोखंडी जाळी बसवायलाच हवी, बाग झाली नाही तरी. आणि साप? तिथे दिसते ती बहुतेक धामण. ती बिनविषारी, उंदरांवर जगणारी. तरी साप ओळखण्याचं काम मुलांनी करायचं नाही. कुठलाही साप दिसला की लांब राहायचं आणि मोठ्यांना हाक मारायची, हा पहिला नियम.

बाकी खर्च फार नाही. झाडांवर खिळे न ठोकता बांधलेल्या नावाच्या पाट्या, फुलपाखरांसाठी कढीपत्ता आणि लिंबाची रोपं, बसायला एक बाक आणि एक नोंदवही. वहीत रोज एका मुलाने तारीख घालून लिहायचं: आज काय दिसलं. कधी "काही नाही" असंही लिहायचं, तीही नोंदच.

पहिली नोंद झाली आहे. सहलीच्या दुसऱ्या दिवशी मुलांनी शिंदीवरचे रिकामे खोपे मोजले. पुरे अकरा, अर्धे सात. अर्धे का राहिले ते आता त्यांना माहीत आहे. पुढच्या पावसाळ्यात नर पुन्हा पिवळे होऊन विणायला येतील. त्या वेळी तिथे झाड असेल की ब्लॉक, एवढंच आपल्या हातात आहे.

महिनाअखेर सर्वसाधारण सभा आहे. ठराव दुरुस्त करण्याची सूचना मी लेखी दिली आहे. मतदान मोठ्यांचं, पण त्या दिवशी मुलांना वही घेऊन बसायची परवानगी द्यावी, ही अध्यक्षांना विनंती. गेल्या वेळी मी हात वर केला, तेव्हा मी ती जागा नीट पाहिलेली नव्हती. तुम्ही सभेला येण्याआधी दहा मिनिटं विहिरीमागे जाऊन या. मग ज्या बाजूने हात वर कराल, तो मला मान्य असेल.

सोसायटीला पंचवीस वर्षांच्या शुभेच्छा.