स्वर्गाचा आदेश आणि शेतकऱ्याचा खांदा



राजा दुराचारी झाला की स्वर्ग त्याच्याकडून राज्य काढून घेतो, ही चिनी विचारपरंपरेतील फार जुनी कल्पना. इ. स. पूर्व १०४६ च्या सुमारास चौ घराण्याने शांग घराण्याचा पाडाव केला, तेव्हा विजयी बंडखोरांना आपल्या बंडाचे समर्थन हवे होते. ते 'स्वर्गाच्या आदेशा'त सापडले. शांगांचा अखेरचा राजा दी शिन मद्यपी व क्रूर, म्हणून आदेश चौंकडे आला! मद्याचे तळे, झाडांना टांगलेले मांस या कथा पुढील शतकांत वाढतच गेल्या. दी शिन खरोखर इतका वाईट होता काय, अशी शंका कन्फ्यूशियसच्या एका शिष्यानेच बोलून दाखविली होती. पराभूताची पापे लिहिण्याचे काम नेहमी जेत्याच्या हाती असते.

तरीही ही कल्पना हसण्यावारी नेणे योग्य नव्हे. इ. स. पूर्व चौथ्या शतकात मेन्शियसने खुद्द एका राजालाच ऐकविले, की माणुसकी व न्याय सोडणारा हा राजा उरतच नाही. त्याचा वध म्हणजे राजवध नव्हे. बंडाच्या हक्काचेच हे प्रतिपादन होय. त्याची धार सत्ताधाऱ्यांनी बरोबर ओळखली. मिंग घराण्याचा संस्थापक स्वतः दरिद्री शेतकऱ्याचा मुलगा, बंड करून सिंहासनावर आलेला. त्याच्याच आज्ञेवरून १३९४ मध्ये मेन्शियसच्या ग्रंथातील ८५ उतारे गाळण्यात आले.

चिन घराण्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. इ. स. पूर्व २२१ मध्ये त्याने सारा देश एक केला आणि अवघ्या १५ वर्षांत ते लयास गेले. इ. स. पूर्व २०९ मध्ये सरहद्दीवर निघालेले ९०० सक्तीचे शिपाई पावसात अडकले. उशिराला देहदंड ठरलेला, मग बंड करून का मरू नये, असा विचार करून चेन शेंग व वू ग्वांग यांनी उठाव केला, असे हान काळातील इतिहासकार सांगतो. परंतु १९७५ मध्ये हुबेई प्रांतातील एका थडग्यात चिन कायद्यांच्या बांबूच्या पट्ट्या सापडल्या. वेठीवर उशिरा पोहोचणाऱ्यास त्यांत ठपका किंवा दंड सांगितला आहे, देहदंड नव्हे. हा नियम लष्करी भरतीलाही लागू होता की नाही, हा वाद आहे. मात्र कायदा सौम्य निघाला म्हणून वेठ संपत नाही. भिंती, रस्ते, राजवाडे आणि सम्राटाची कबर यांसाठी लाखो शेतकरी नांगरावरून ओढून नेले गेले होते.

उलट बाजूही पाहावी. मिंगांचा अखेरचा सम्राट चुंगचेन व्यसनी नव्हता; तो कष्टाळू होता, खर्चाला आवर घालणारा होता. पण ईशान्येकडील युद्धासाठी शेतसाऱ्यावर अधिभार चढत गेले, शेन्शी प्रांतात दुष्काळ पडला, आणि काटकसर म्हणून सरकारी डाकचौक्यांत कपात झाली. काटकसरीची कुऱ्हाड नेमकी कोणावर पडते हे पाहण्यासारखे आहे. डाकेची नोकरी गमावलेला ली झिचेंग १६४४ मध्ये फौज घेऊन बीजिंगमध्ये शिरला. सम्राटाने राजवाड्यामागच्या टेकडीवर गळफास घेतला.

काही आठवड्यांतच मांचू सैन्याने लीला हुसकावले. त्यांनी मृत सम्राटाचा सन्मानाने दफनविधी केला, आणि स्वर्गाचा आदेश आता आपल्याकडे आला आहे, असे जाहीर केले.