बोलणे आणि आज्ञा

सरकारी कचेरीतील फाइल ज्याने एकदा उघडून पाहिली आहे, त्याला तिच्यातील लेखनाचे दोन प्रकार ठाऊक असतात. एक टिपणीचा आणि दुसरा आदेशाचा. टिपणीत मते असतात, शंका असतात, क्वचित वादही असतो. परंतु टिपणी कितीही जोरकस असली तरी तिने कोणाची बदली होत नाही. आदेश एका ओळीचा असला तरी होते. बोलणे आणि आज्ञा यांतील हा भेद जेथे पुसट होतो, तेथे घोटाळा ठरलेलाच. संगणकावर माणसे एकमेकांशी लेखी संभाषण करू लागली तेव्हा हाच प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला; आणि त्याचे उत्तर दिले ते एका तिरक्या रेघेने.

१९८८ च्या ऑगस्टमध्ये फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन याने ‘इंटरनेट रिले चॅट’, संक्षेपाने आयआरसी, ही व्यवस्था निर्माण केली. दूरदूरच्या माणसांनी एखाद्या ‘चॅनेल’मध्ये, म्हणजे जणू एका चावडीवर, जमावे आणि एकाने लिहिलेली ओळ तत्क्षणी सर्वांना दिसावी, अशी ही योजना. १९९१ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघात सत्तापालटाचा प्रयत्न झाला आणि तेथील वृत्तपत्रांवर बंधने आली, तेव्हा याच मार्गाने तेथील वार्ता जगापर्यंत पोहोचत होत्या.

या चावडीवर बसण्यासाठी आपल्या संगणकावर एक प्रोग्रॅम लागतो. १९९९ मध्ये तिमो सिराइनेन याने तयार केलेला ‘इर्सी’ हा त्यांपैकी एक. त्यात चित्रे नाहीत, दाबावयाची बटणे नाहीत. सारा कारभार अक्षरांचा. पडद्याच्या तळाशी एकच रिकामी ओळ असते. बोलावयाचे ते तिच्यातच लिहावयाचे आणि प्रोग्रॅमला काही सांगावयाचे तेही तिच्यातच. मग प्रोग्रॅमने भेद ओळखावा कसा? ओळीचे पहिले चिन्ह तिरकी रेघ असेल तर ती आज्ञा, नसेल तर ते बोलणे; एवढाच नियम. ‘/जॉइन’ म्हटले की चावडीत प्रवेश, ‘/निक’ म्हटले की टोपणनावाचा बदल, ‘/पार्ट’ म्हटले की तेथून निरोप.

गंमत अशी की, ही रेघ आपल्या संगणकाबाहेर कधी जातच नाही. ‘/मेसेज’ असे लिहून कोणाला खाजगी निरोप धाडला तर प्रोग्रॅम रेघ काढून टाकतो आणि सर्व्हरकडे त्याच्या परिभाषेतील आज्ञा पाठवितो. इतकेच नव्हे, तर आपले साधे बोलणेही त्याच आज्ञेच्या वेष्टनात घालून, फक्त पत्ता चॅनेलचा देऊन, धाडले जाते. म्हणजे सर्व्हरच्या लेखी सगळ्या आज्ञाच. रेघेचा भेद आहे तो माणसाच्या सोयीसाठी.

‘/मी’ ही आज्ञा तर मराठी कानाला मुळीच परकी वाटत नाही. इंग्रजीतील हा शब्द योगायोगाने आपल्या ‘मी’सारखाच उच्चारला जातो. त्यापुढे ‘हसतो’ असे लिहिले की इतरांच्या पडद्यावर ‘मी’च्या जागी लिहिणाराचे टोपणनाव येते. कीर्तनकाराने निरूपण थांबवून क्षणभर अभिनय करावा, तसा हा प्रकार.

परंतु सत्तेचा खरा विचार दोन आज्ञांच्या तुलनेत दिसतो. ‘/किक’ ही आज्ञा एखाद्याला चॅनेलबाहेर घालविते. ती चालते फक्त तेथील अधिकाऱ्याची, आणि कोणी कोणाला घालविले हे उपस्थित सर्वांना दिसते. ‘/इग्नोर’ ही आज्ञा मात्र कोणालाही देता येते. तिचा अंमल आपल्याच पडद्यापुरता असतो. ज्याचे बोलणे आपण ऐकेनासे झालो, त्याला त्याची वार्ताही नसते. दुसऱ्यावर चालणारी सत्ता उघड असावी आणि स्वतःचे कान मिटण्याचे स्वातंत्र्य खाजगी असावे, असा विवेक या योजनेत आहे.

या सोयीला एक धारही आहे. अनेक ठिकाणी टोपणनावाची मालकी पटविण्यासाठी परवलीचा शब्द खाजगी निरोपातून कळवावा लागतो. घाईत रेघेपूर्वी एखादी मोकळी जागा पडली की पहिले चिन्ह रेघ राहत नाही. प्रोग्रॅम ती ओळ बोलणे समजतो आणि गुप्त शब्द भर चावडीत वाचला जातो. जुन्या आयआरसीत गेलेली ओळ परत घेता येत नाही. तो शब्द तत्काळ बदलणे हाच उपाय. म्हणून जाणते लोक असे काम चॅनेलच्या खिडकीत करीतच नाहीत. जेथे ऐकणारा कोणी नाही, अशा सर्व्हरच्या खिडकीत करतात.

पुढे आलेल्या स्लॅक आणि डिस्कॉर्ड यांसारख्या संभाषणव्यवस्थांनी ही रेघ आपलीशी केली. अलीकडे मात्र माणसाची साधी भाषाच आज्ञा म्हणून स्वीकारणारी यंत्रे आली आहेत. तेथे रेघेचे कुंपण नाही. अशा यंत्राला वाचावयास दिलेल्या पत्रात कोणी एखादी सूचना दडवून ठेवली, तर ते पत्र केवळ वाचावयाचे की त्यातील सूचना पाळावयाची, याविषयी यंत्राची गफलत होऊ शकते. टिपणीलाच आदेश समजून कारकुनाने तो बजावावा, तसा हा अनर्थ. यंत्र माणसासारखे बोलू लागले ही कौतुकाची गोष्ट खरी. पण बोलणे कोठे संपले आणि आज्ञा कोठे सुरू झाली, हे दाखविणारी खूण त्यासाठी गमवावी लागू नये. ती खूण एका रेघेएवढी लहान असली तरी चालते. ती असावी मात्र लागते.