छापील किंमत आणि दुकानदाराचें स्वातंत्र्य

सणासुदीच्या दिवसांत नागपुरांत सीताबर्डीच्या बाजारांत फिरणाऱ्या गिऱ्हाइकाला साडीचे चार दुकानांत चार भाव ऐकूं येतात. परंतु नामांकित कंपनीचें एखादें यंत्र घ्यावयाचें झालें, कीं चारही दुकानांच्या जाहिरातींत पुष्कळदां एकच आंकडा दिसतो. दुकानें निराळीं, भाडीं निराळीं, मालक निराळे. मग भाव तेवढा एक कसा?

याचें उत्तर म्हणून बहुतेक जण वेष्टनावरील छापील किंमतीकडे बोट दाखवितात. तें बरोबर नाहीं. २००९ चा वैधमापन कायदा आणि २०११ चे नियम यांप्रमाणें किरकोळ विक्रीच्या वेष्टनबंद मालावर सर्व करांसह कमाल किंमत छापावी लागते. तिच्याहून अधिक घेणें हा अपराध आहे; कमी घेण्यास कायद्याची आडकाठी नाहीं. छापील किंमत हें छप्पर आहे, जमीन नव्हे.

कांहीं उत्पादकांना मात्र या छपराचीच जमीन व्हावी असें वाटतें. त्यासाठीं जाहिरातीच्या खर्चाचा वांटा उचलून, ठरविलेल्या आंकड्याखालीं भाव छापूं नये, अशी अट घालतां येते. अट मोडणाऱ्या दुकानदाराचें कमिशन अडतें, किंवा खपाचा माल त्याच्याकडे उशिरां पोहोंचतो.

याचें ठळक उदाहरण महाराष्ट्रांतच घडलें. मारुती सुझुकी कंपनीनें ठरविलेल्या सवलतीपेक्षां अधिक सूट देण्यास मुंबईबाहेरील महाराष्ट्रांतल्या विक्रेत्यांना मनाई आहे, अशी निनावी तक्रार २०१७ मध्यें भारतीय स्पर्धा आयोगाकडे आली. चौकशींत आढळलें तें असें: गिऱ्हाइकाचें सोंग घेतलेलीं माणसें दुकानांत पाठविलीं जात. अधिक सूट देणारा विक्रेता सांपडला, कीं त्याला दंड होई. गाडी विकणाऱ्या नोकरालाही तो चुकत नसे. २३ ऑगस्ट २०२१ रोजीं आयोगानें कंपनीस २०० कोटी रुपयांचा दंड केला. कंपनीनें त्यावर अपील केलें, आणि अपिलीय न्यायाधिकरणानें दंडाचा दहावा हिस्सा भरण्याच्या अटीवर त्या निर्णयास तात्पुरती स्थगिती दिली.

उत्पादकांचीही एक बाजू आहे. एक दुकानदार जागा सजवितो, माल समजावून सांगतो, दुरुस्तीची सोय ठेवतो. दुसरा यांतलें कांहींच न करतां भाव पाडतो आणि पहिल्याचें गिऱ्हाईक पळवितो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९११ मध्यें किमान भावाचे असले करार सरसकट बेकायदा ठरविले होते. २००७ मध्यें त्यानेंच तो निर्णय फिरविला, आणि प्रत्येक प्रकरण त्याच्या परिणामांवरून तोलावें असें म्हटलें. भारताचा २००२ चा स्पर्धा कायदाही स्पर्धेची हानि होते कीं नाहीं, हेंच पाहतो.

तथापि सेवेचें मोल सेवा घेणाऱ्यानें द्यावें. ती न मागणाऱ्याच्या खिशांतून तें काढणें न्यायाचें नव्हे. दुकानदार स्वतःच्या नफ्यांतून रुपया सोडण्यास तयार असेल, तर तो घेण्याचा गिऱ्हाइकाला हक्क आहे. तो सोडूं नये असें तिसरा कोणी सांगत असेल, तर त्याचें कारण विचारण्याचाही हक्क आहे. आणि स्पर्धा आयोगापुढें अशी माहिती कोणाही नागरिकाला ठेवतां येते.