रक्तदाब आणि डॉक्टरांची आठवण

समजा, गुडघा दुखतो म्हणून आपण दवाखान्यात गेलात. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला. रक्तदाब 160 वर 100 आला. आकडा कागदावर चढला, बोलणे मात्र गुडघ्याचेच झाले. पुढल्या खेपेसही तेच. आता, डॉक्टरांना ज्ञान नाही असे का म्हणायचे? ज्ञान आहे, त्या घटकेला लक्षात राहिले नाही, इतकेच. आणि रक्तदाब तर बहुधा दुखतही नाही, खुपतही नाही! वर्षानुवर्षे तो मुकाट्याने मेंदूच्या, हृदयाच्या, मूत्रपिंडांच्या रक्तवाहिन्या खराब करीत राहतो. कळते ते एकदम पक्षाघात झाल्यावर.

या विसरण्याचा अभ्यास अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे डॉ. क्लेमेंट मॅक्डॉनल्ड यांनी केला. त्यांचा निबंध 1976 साली प्रसिद्ध झाला. संगणक रुग्णाच्या जुन्या नोंदी तपासून डॉक्टरांना सूचना देई : याचा रक्तदाब चढलेला आहे, या औषधाचा यकृताला अपाय होत असावा, वगैरे. प्रयोगात डॉक्टर 9 होते. सूचना हाती असताना त्यांनी 100 पैकी 51 प्रसंगी दखल घेतली. नसताना अवघ्या 22 प्रसंगी. गंमत अशी, की शिक्षणात पुढे गेलेले आणि नवखे यांच्यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे दोष हुशारीचा नव्हे. माणसाचे मन एका वेळी किती तपशील वागवणार? त्याला मर्यादा आहेच.

पण उरलेल्या 49 प्रसंगांचे काय? सूचना समोर असूनही हात हलला नाही! घटकेघटकेला वाजणाऱ्या घड्याळाकडे पुढे पुढे कोणी पाहत नाही, हेही खरेच. आपल्याकडे हरियाणा व कर्नाटकातील 40 सामुदायिक आरोग्य केंद्रांत असा एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष 2019 साली प्रसिद्ध झाले. संगणकी सल्ला मिळालेल्या केंद्रांत आणि न मिळालेल्या केंद्रांत रुग्णांचा रक्तदाब जवळपास सारखाच उतरला. यंत्र आठवण देते. पण औषध लिहायचे डॉक्टरांनी, आणि ते रोज घ्यायचे आपण.

तेव्हा एक आठवण आपणही द्यावी. जुन्या चिठ्ठ्या जपून न्याव्यात, आणि उठण्यापूर्वी विचारावे, "डॉक्टरसाहेब, आज दाब किती? मागल्या खेपेला किती होता? औषधात काही बदल करायचा का?" यात उद्धटपणा नाही. चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही. उलट, मदतच होते.