जलोदर आणि दोन गाळण्या



मी डॉक्टर नाही, संगणकाची माणूस. पण राहुरीचे माझे मामा यकृताच्या आजाराने जलोदर होऊन गेले. दारूचा थेंब न घेता. आधीच सांगते, कारण लोक पहिला प्रश्न तोच विचारतात.

‘पोटातलं पाणी काढलं की माणूस खंगतो,’ असं आपल्याकडे म्हणतात. त्यात तथ्य आहे. त्या पाण्याबरोबर रोग्याचं स्वतःचं अल्ब्युमिन हे प्रथिनही जातं. म्हणून 5 लिटरपेक्षा जास्त पाणी काढलं, की लिटरमागे 6 ते 8 ग्रॅम अल्ब्युमिन शिरेतून देतात. एका बाटलीत 20 ग्रॅम. 8 लिटरला साधारण तीन बाटल्या. ते इतरांच्या रक्तद्रवातून बनतं, म्हणून महाग. मामींच्या पाटल्या त्यातच गेल्या.

जपानमध्ये हेच पाणी पोकळ तंतूंच्या दोन गाळण्यांतून नेतात. पहिली पेशी आणि जंतू अडवते. दुसरी जादा पाणी काढून प्रथिनं दाट करते. कित्येक लिटरचं काहीशे मिली उरतं, ते त्याच रोग्याच्या शिरेत परत. तिथे 1981 पासून याचा खर्च आरोग्यविम्यातून मिळतो. ताप येऊ शकतो, जंतुसंसर्ग झालेलं पाणी चालत नाही, आणि यकृत काही याने बरं होत नाही.

डायलिसिसची गाळणीही पोकळ तंतूंचीच, फक्त छिद्रं वेगळी. ती यंत्रं आता तालुक्यालाही दिसतात. लोणीला तर वैद्यकीय महाविद्यालय आहे. आपल्या वर्गातल्या डॉक्टरांनो, हे इथे करायला काय लागेल, किती खर्च येईल? जेवणानंतर मला गाठा. हिशेबाचं काम माझ्याकडे.